आजोबांच्या पेटीत जुनी रिव्हॉल्व्हर सापडली तर? ओळखायची कशी, जुनी किती, आणि आधी काय करायचं

रनाळे (ता. नंदुरबार) : घर पाडून नवं बांधायला काढलं, की माळ्यावरची पेटी खाली येते. त्यात तांब्या-पितळेची भांडी, जुने सातबारे आणि एखाद्या घरात फडक्यात गुंडाळलेली रिव्हॉल्व्हर. मागे एका वाचकाचा असाच फोन आला. पोराने फोटो काढला होता आणि स्टेटसला टाकायच्या तयारीत होता. "आजोबांच्या काळातली आहे, शंभर वर्षांची असेल, तिला कसलं लायसन?" असं त्यांचं म्हणणं. हाच समज लोकांना अडचणीत आणतो, म्हणून ही माहिती.

आधी हात आवरा

जुनी रिव्हॉल्व्हर भरलेलीच आहे असं समजा. पन्नास-साठ वर्षांचं काडतूसही फुटू शकतं. चाप ओढून बघू नका, घोडा मागे खेचू नका, नळी कोणाकडे करू नका. लहान मुलांना लांब ठेवा.

गंज काढायला पॉलिश पेपर तर अजिबात मारू नका. एक तर नंबर आणि शिक्के पुसले जातात. दुसरं, शस्त्र कायद्याच्या कलम ८ प्रमाणे बंदुकीवरचा नंबर किंवा खूण पुसणं हा गुन्हा आहे. लोहाराकडे नेऊन "चालू करून दे" म्हणणंही महागात पडेल, कारण विनापरवाना दुरुस्ती करणाऱ्यावर कलम ५ लागू होतं.

जुनी म्हणजे सूट, असं नाही

शस्त्र कायदा १९५९ चा आहे. त्यातल्या कलम ४५ मध्ये जुन्या बनावटीच्या किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या हत्याराला सूट आहे. पण अट अशी, की ते दुरुस्त करूनही चालणार नाही असं असलं पाहिजे. ते आपण घरी बसून ठरवायचं नसतं. चालू शकणारं हत्यार कितीही जुनं असलं तरी परवाना लागतोच. बातम्यांत "आर्म अ‍ॅक्ट ३/२५" वाचता ना, ते हेच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बाळगल्यास किमान २ ते ५ वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. प्रतिबंधित बोअरची निघाली तर ७ ते १४ वर्षं.

परवाना आजोबांच्या नावाचा असला तरी तो त्यांच्याबरोबर संपतो. घर आणि जमीन वारसाने येते तशी बंदूक आपोआप येत नाही.

ओळख कागदापासून सुरू करा

हत्याराला हात न लावता निम्मी ओळख कागदावर होते. जुनं लायसनचं पुस्तक शोधा. त्यात हत्याराचा प्रकार, बोअर आणि नंबर असतो. निवडणुकीच्या वेळी पोलीस ठाण्यात बंदूक जमा केल्याची पावती सापडली तर तीही जपा.

कागदावरून काळही कळतो. आपला भाग १९०६ पासून साधारण १९६० पर्यंत पश्चिम खानदेश जिल्ह्यात होता, नंतर धुळे जिल्ह्यात. १ जुलै १९९८ ला नंदुरबार वेगळा जिल्हा झाला. म्हणजे शिक्का पश्चिम खानदेशचा असेल तर परवाना १९६० च्या आसपासचा किंवा त्याआधीचा. जुन्या नोंदीसाठी धुळ्यालाही विचारावं लागू शकतं. कागदावर १८७८ च्या कायद्याचा उल्लेख असेल तर तो सहसा १ ऑक्टोबर १९६२ च्या आधीचा, कारण आताचा कायदा त्या दिवशी लागू झाला.

बनावटीवरून काळ

पोलिसांनी किंवा परवानाधारक विक्रेत्याने हत्यार रिकामं केल्यावरच पुढचं बघा.

- गोळ्या फिरतात ती चक्री समोरून दारू-गोळी भरायची असेल आणि मागे टोपी बसवायची बोंडं असतील, तर बनावट एकोणिसाव्या शतकाच्या मधली. सॅम्युअल कोल्टचं पेटंट १८३६ चं, लंडनच्या अ‍ॅडम्सचं १८५१ चं.
- नळी पुढे वाकून मधून उघडत असेल तर बहुधा वेबली किंवा तिची नक्कल. ब्रिटिश फौजेने वेबली मार्क १ ही .४५५ बोअरची १८८७ मध्ये घेतली, मार्क ६ ही १९१५ मध्ये. तशीच उघडणारी .३८ ची एनफिल्ड १९३२ ची.
- चक्री बाजूला बाहेर येत असेल तर बनावट १८८९ नंतरची. त्या वर्षी कोल्टने अशी रिव्हॉल्व्हर काढली, १८९६ मध्ये स्मिथ अँड वेसनने.
- चक्रीच नसेल आणि गोळ्या मुठीतल्या मॅगझिनमध्ये असतील, तर ती रिव्हॉल्व्हर नाही, पिस्तूल आहे. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकला अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनवर झाडलं ते ब्राउनिंग पिस्तूल होतं.

शिक्के काय सांगतात

"पी. वेबली अँड सन" असं लिहिलं असेल तर ती १८९७ च्या आधीची. "वेबली अँड स्कॉट" असेल तर १८९७ किंवा नंतरची. अंड्याच्या आकारात इंग्रजी ई, एल, जी ही अक्षरं म्हणजे बेल्जियममधल्या लीज गावची तपासणी. त्यावर मुकुट असेल तर १८९३ नंतरची. कोलकात्याच्या रोडा किंवा मँटन कंपनीचं नाव असेल तर ते बहुधा विकणाऱ्या दुकानाचं, बनवणाऱ्याचं नाही. आणि पेटंटचं साल म्हणजे बनवल्याचं साल नव्हे, इथं बरेच जण फसतात.

सगळ्यात मोठा पुरावा नंबर. भगतसिंगांचं .३२ चं कोल्ट पिस्तूल कित्येक वर्षं इंदूरला सीमा सुरक्षा दलाच्या संग्रहालयात ओळख न पटता पडून होतं. वरचा रंग खरवडल्यावर १६८८९६ हा नंबर दिसला, तो जुन्या नोंदीशी जुळला, तेव्हा ते भगतसिंगांचं असल्याचं समजलं. (रंग खरवडण्याचं काम जाणकारांचं, आपलं नाही.)

आता करायचं काय

१. पोलीस ठाण्याला फोन करून कळवा. मोटारसायकलच्या डिकीत टाकून स्वतः नेऊ नका. कधीच परवाना नव्हता असं दिसलं तर वकिलाचा सल्ला घ्या, पण कळवायला उशीर करू नका.

२. पंचनाम्यात आणि पावतीवर बोअर, बनावट आणि नंबर लिहून घ्या. नुसतं "एक जुनी रिव्हॉल्व्हर" असं लिहिलेली पावती घेऊन येऊ नका. उद्या परत मागायची वेळ आली तर कोणती, हे नंबरच सांगेल.

३. ठेवायची इच्छा असेल तर जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे वारस म्हणून अर्ज करा. शस्त्र नियम २०१६ च्या नियम २५ मध्ये वारसाला परवाना देण्याची तरतूद आहे. बाकीच्या वारसांची ना-हरकत लागते, म्हणून भावा-बहिणींशी आधी बोला. एका माणसाला दोनपेक्षा जास्त बंदुका ठेवता येत नाहीत, वारसाची धरून.

४. प्रतिबंधित बोअर निघाला तर परवान्याचा विषय केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातो.

५. फोटो ग्रुपवर टाकू नका. "अँटिक आहे, लाख रुपये देतो" म्हणणाऱ्याला परस्पर विकू नका.

त्या वाचकाच्या पोराने स्टेटस टाकलं नाही. आजोबांची आठवण जपायचीच आहे, पण ती पावतीवरच्या नंबरासकट जपा.