थेट छाप आणि उसनी छाप

कापडावर चित्र उमटविण्याचे मार्ग मुळात दोनच. एक म्हणजे रंग थेट कापडालाच द्यावयाचा. दुसरा म्हणजे चित्र आधी कागदावर तयार करून ठेवावयाचे व मग उष्णतेने आणि दाबाने ते कापडावर उतरवून घ्यावयाचे. आज एखाद्या गणेशोत्सव मंडळाला पाचशे टी-शर्ट छापून हवे असोत की कोणाला वाढदिवसापुरता एकच हवा असो, छपाई करणाऱ्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो ह्या दोहोंतून निवड करण्याचा. प्रश्न यंत्रयुगातला वाटतो खरा. पण त्याच्या मुळाशी असलेली शंका फार जुनी आहे. रंग धाग्यात शिरला की नुसताच वर बसला, ही ती शंका होय.

ह्या शंकेला भारतीय रंगाऱ्याने दिलेले उत्तर जगाने मान्य केले होते. मोहेंजोदडोच्या उत्खननात चांदीच्या भांड्याला चिकटून राहिलेला सुती कापडाचा तुकडा मंजिष्ठेसारख्या रंगाने रंगविलेला आढळला. मंजिष्ठा सुताला आपण होऊन धरीत नाही. तिला तुरटीची मध्यस्थी लागते. म्हणून आपला छिपा रंग छापीतच नसे. हिरड्याच्या पाण्यात भिजवून वाळविलेल्या कापडावर तो लाकडी ठशाने तुरटीचे पाणी छापी आणि काळ्या रेषेसाठी गुळाबरोबर कुजविलेल्या लोखंडाचे पाणी वापरी. मग सबंध कापड मंजिष्ठेच्या कढत पाण्यात जाई. जेथे तुरटी तेथे लाल, जेथे लोखंड तेथे काळे, आणि उरलेली जमीन धुऊन व उन्हात वाळवून पुन्हा पांढरी. इजिप्तमध्ये एकाच रंगाच्या कढईतून अनेक रंगी कापड बाहेर येते, ह्याचे नवल इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनी ह्याने नोंदवून ठेवले आहे. त्याच इजिप्तमध्ये, जुन्या कैरोतील फुस्तात येथे, गुजरातेत छापलेल्या मध्ययुगीन कापडाचे तुकडे विपुल सापडले आहेत.

सतराव्या शतकात हे चीट युरोपात पोहोचले आणि धुतले तरी न जाणाऱ्या ह्या रंगाने तेथील विणकरांच्या पोटावर पाय आला. फ्रान्सने १६८६ मध्ये छापील सुती कापडावर बंदी घातली. ती १७५९ पर्यंत टिकली. इंग्लंडने १७०० मध्ये आयात अडविली. तेवढ्याने भागेना, तेव्हा १७१९ मध्ये लंडनच्या विणकरांनी चिटाचे झगे घातलेल्या बायकांवर भर रस्त्यात हल्ले केले आणि १७२१ च्या कायद्याने बहुतेक छापील सुती कापड अंगावर घालणेच गुन्हा ठरविला. पक्क्या छापेचे एवढे भय क्वचितच कोणी घेतले असेल.

वर बसणाऱ्या छापेलाही आपल्याकडे घर होते. ठशाने डिंक अथवा रोगण उमटवावयाचे, ते ओले असतानाच त्यावर सोनेरी-रुपेरी चूर्ण किंवा वर्ख बसवावयाचा आणि उरलेला झटकून टाकावयाचा. हे खडीकाम. खडीचे वस्त्र रोजच्या धुण्याचे नव्हे. त्यामुळे त्याच्याकडून कोणी मंजिष्ठेच्या टिकाऊपणाची अपेक्षाही केली नाही. ही समज पुढच्या काळात पुष्कळांनी गमावली.

आता ज्याला स्क्रीन प्रिंटिंग म्हणतात त्याचा एक पूर्वज जपानात सापडतो. तेथील कारागीर तुतीच्या सालीच्या कागदाचे थर तेंदूवर्गी फळाच्या तुरट रसाने चिकटवून त्यांवर नक्षी कातरीत. पण कातरलेल्या नक्षीत अडचण अशी, की वर्तुळाच्या आतले वर्तुळ आधाराविना गळून पडते. त्यावर उपाय म्हणून ते दोन थरांमध्ये रेशमाचे बारीक धागे ताणून बसवीत. धागे नक्षीला धरून ठेवीत आणि लेप मात्र त्यांच्या आजूबाजूने खाली उतरे. मँचेस्टरच्या सॅम्युएल सायमन ह्याने १९०७ साली ज्या पद्धतीचे पेटंट घेतले, तीत नक्षीला आधार देणारे सबंध रेशमी कापडच चौकटीवर ताणलेले होते. पुढे पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत प्रकाशाने घट्ट होणारा लेप जाळीवर चढवून छायाचित्रावरून नक्षी उतरविण्याची युक्ती निघाली, आणि रबरी पट्टीच्या एका फटकाऱ्यासरशी जाळीतून रंग खाली जाऊ लागला.

ह्या जाळीला खरे गिऱ्हाईक मिळाले ते अमेरिकी गंजिफ्रॉकाचे. आतून घालावयाचे हे वस्त्र सैनिकांनी बाहेर आणले. ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या जुलै १९४२ मधील एका मुखपृष्ठावर हवाई दलाच्या प्रशिक्षणशाळेचे नाव छापलेला टी-शर्ट घातलेला जवान दिसतो. १९४८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत ड्यूई ह्यांच्या प्रचाराचे टी-शर्ट निघाले. ड्यूई हरले, टी-शर्ट उरला. १९६० मध्ये मायकेल व्हासिलान्टोन ह्याने अनेक रंगांच्या चौकटी एका मध्याभोवती फिरविणारे यंत्र वापरात आणले. १९६९ मध्ये त्याला पेटंट मिळाले. ते मूळचे बोलिंग खेळणाऱ्यांचे सदरे छापण्यासाठी होते.

उसन्या छापेचे कुळ निराळे, ते कुंभारकामातले. लिव्हरपूलच्या सॅडलर आणि ग्रीन ह्यांनी १७५६ मध्ये कागदावरील छाप मातीच्या फरशीवर उतरवून सहा तासांत बाराशेहून अधिक फरश्या सजविल्याचे प्रतिज्ञेवर सांगितले. एवढे काम हाताने करावयाला किती चितारी लागले असते, ह्याचा हिशेब त्या चिताऱ्यांनी मनात केलाच असेल. कापडावर ही युक्ती प्रथम आली ती भरतकामाच्या नक्षीसाठी. कागद पालथा घालून वरून इस्त्री फिरविली की रेघा कापडावर उतरत. १९७० च्या दशकात अमेरिकी दुकानांतून तयार चित्रांचे गठ्ठे दिसू लागले. गिऱ्हाइकाने चित्र निवडावे, दुकानदाराने ते तापत्या दाबयंत्राखाली घालावे आणि काही सेकंदांत सदरा हाती द्यावा, असा तो व्यवहार होता. काही धुण्यांनंतर त्यातील पुष्कळ चित्रांना तडे जात, कडा सुटत. आणि ह्या साऱ्या पद्धतीलाच बट्टा लागला.

तो सर्वस्वी न्याय्य होता असे मात्र नाही. त्या कागदांवरील चित्रे बहुधा जाळीनेच छापलेली असत. फरक इतकाच, की शाई अर्धवट तापवून ठेवीत आणि रंगांचा क्रम उलटा असे. सदऱ्यावर जो रंग सर्वांत वर दिसावयाचा तो कागदावर प्रथम छापीत. थेट छपाईत ओली शाई विणीच्या फटींतून आत उतरते व साधारण १६० अंश सेल्सिअसला तेथेच घट्ट होते. उसन्या छापेत अर्धी घट्ट झालेली साय वरून दाबली जाते. दाब किंवा आंच जरा कमी पडली, की तिची पकड कच्ची राहते.

ह्या दोषावरचा एक उपाय फ्रेंच संशोधक नोएल द प्लास ह्याच्या हाती १९५७ मध्ये लागला. काही रंग सुमारे २०० अंशांना न वितळताच वायुरूप होतात आणि कृत्रिम धाग्यात शिरून बसतात, हे त्याने हेरले. येथे छाप कागदावरून आली, तरी रंग धाग्याच्या आतच. हाताला साय लागत नाही, धुण्याने तडा जात नाही. मात्र ही कृपा पॉलिएस्टरवर, तीही पांढऱ्या किंवा फिक्या कापडावर. सुताला हे रंग धरीत नाहीत. गंमत अशी की, ज्या टेरिलीनमुळे ही पद्धत फोफावली ते १९४१ मध्ये व्हिनफील्ड व डिक्सन ह्यांनी शोधले, ते इंग्लंडमधील सुती कापड छापणाऱ्यांच्याच संघाच्या प्रयोगशाळेत.

त्यामुळे निवड अखेर कापडावर आणि संख्येवर येऊन ठेपते. जाळीला प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र चौकट लागते. तिचा खर्च पाचशे सदऱ्यांवर विभागला तर नगण्य, एकावर पडला तर असह्य. उसन्या छापेत एक सदराही परवडतो. शिवाय न खपणारी चित्रे कागदावरच राहतात, कापड वाया जात नाही. जेथे सुती गंजिफ्रॉकांच्या हजारोंच्या मागण्या एका वेळी येतात, तेथे थेट छपाईला तोड नाही. किरकोळ कामात मात्र अलीकडे प्लॅस्टिकच्या पारदर्शक फितीवरील छपाई झपाट्याने पसरली आहे. यंत्र फितीवर रंग उमटविते; तो ओला असतानाच त्यावर वितळणाऱ्या गोंदाची पांढरी भुकटी पसरतात, जेथे रंग नाही तेथली झटकून टाकतात, आणि उरलेली तापवून सदऱ्यावर दाबतात. जुन्या खडीकाम करणाऱ्याला ह्यातले भुकटी झटकण्याचे काम तरी कोणी शिकवावे लागले नसते.