दमा, वार्धक्यातील
साधारणतः ६५ वर्षांनंतर आढळणारा दमा. बालपणापासून चालत आलेला किंवा उतारवयात प्रथमच उद्भवलेला. या दम्यामागे प्रतिकारसंस्थेतील बदलांची पार्श्वभूमी असते. वयानुसार यौवनलोपी ग्रंथी (थायमस) आक्रसते, नव्या टी-पेशी कमी तयार होतात आणि प्रतिकारशक्ती मंदावते. तरीही शरीरात सौम्य दाह सतत धुमसत राहतो. इंटरल्यूकिन-६ सारख्या दाहकारक द्रव्यांचे रक्तातील प्रमाण वाढते. या स्थितीला इटालियन संशोधक क्लाउदिओ फ्रान्चेस्की यांनी २००० मध्ये ‘इन्फ्लमेजिंग’ हे नाव दिले. ‘वार्धक्यदाह’ हा मराठी पर्याय त्याला चपखल बसतो.

तरुणांच्या ॲलर्जीजन्य दम्यात श्वासनलिकांमध्ये इओसिनोफिल पेशींचा जोर असतो. वृद्धांत न्यूट्रोफिल पेशी अधिक आढळतात आणि अशा दाहाला श्वासावाटे घ्यायची स्टेरॉइडे कमी दाद देतात. मात्र इओसिनोफिलप्रधान दमाही या वयात असतो, म्हणून सरसकट विधान करता येत नाही.

निदान अनेकदा लांबते. धाप लागली की रुग्ण ‘वयच झालं’ म्हणतो. डॉक्टरांनाही हृदयविकार किंवा सीओपीडी (श्वासमार्ग अरुंद करणारा दीर्घकालीन फुप्फुसविकार) वाटू शकतो. स्पायरोमेट्री या श्वसनचाचणीने उलगडा होण्यास मदत होते. या वयातील इतर आजारही अडचणी वाढवतात. काचबिंदूसाठी डोळ्यांत घातलेले टिमोलॉलचे थेंबही दम्याचा झटका आणू शकतात. संधिवाताने आखडलेल्या बोटांना पंप दाबणे जड जाते. पंप दाबणे आणि श्वास घेणे यांचा मेळ जमत नसेल, तर पंपाला जोडायची नळी म्हणजे स्पेसर उपयोगी पडतो.