एका भोजनगृहाची शंभर वर्षे

'रेस्तराँ' हा शब्द मूळचा फ्रेंच. अठराव्या शतकात पॅरिस शहरी क्षीण प्रकृतीस पुन्हा शक्ती आणणाऱ्या मांसरसास हे नाव होते. पुढे तो रस विकणाऱ्या दुकानास ते चिकटले आणि फ्रेंच पाकशास्त्राबरोबर जगभर गेले. मुंबईतही युरोपीय पद्धतीची भोजनगृहे निघाली. त्यांपैकी बॅलार्ड इस्टेटमधील 'ब्रिटानिया आणि कंपनी' ह्या एकाच कुटुंबाने चालविलेल्या भोजनगृहाचा इतिहास मनन करण्याजोगा आहे.

रशीद कोहिनूर ह्या इराणी जरथुष्ट्री गृहस्थांनी ते १९२३ साली स्थापिले. इराणातील यझ्द व केरमान ह्या भागांतून दारिद्र्य आणि जाच ह्यांना कंटाळून मुंबईस आलेल्या त्यांच्या धर्मबंधूंनी नाक्यानाक्यावर चहाची दुकाने थाटली होती. रशीदशेटांनी मात्र गोदीलगतची जागा निवडली. गेटवे ऑफ इंडियाचे स्थापत्यकार जॉर्ज विटेट ह्यांनी आखलेली ही वस्ती कचेऱ्यांनी गजबजलेली होती. तेथील गिऱ्हाईक मुख्यत्वे गोरे अधिकारी. म्हणून नाव इंग्रजी धाटणीचे आणि पदार्थही युरोपीय, मसाल्याला बेताचे.

परंतु राज्यकर्त्यांचे नाव संरक्षणास पुरले नाही. दुसऱ्या महायुद्धात लष्कराने ती जागाच ताब्यात घेतली. ती परत मिळाली तेव्हा स्वातंत्र्य येऊन ठेपले होते आणि ज्यांच्या जिभेसाठी चूल पेटविली होती, ते गिऱ्हाईक मायदेशी निघाले होते. आता कोणासाठी रांधावयाचे, हा प्रश्न केवळ रुचीचा नव्हता. कुटुंबाच्या चरितार्थाचा होता.

उत्तर घरच्या स्वयंपाकातून आले. रशीदशेटांचे पुत्र बोमन ह्यांच्या काळात धनसाक, सल्ली बोटी असे पारशी पदार्थ मेजावर आले. पुढे बोमनशेटांच्या पत्नीने इराणातील वास्तव्यानंतर झरेश्क नावाची आंबट तांबडी फळे घालून तेथील पुलाव मुंबईच्या रुचीप्रमाणे मसालेदार केला. हाच 'बेरी पुलाव' भोजनगृहाची ओळख ठरला. झरेश्क मात्र इराणातूनच येत राहिले.

बोमनशेट नव्वदी ओलांडल्यावरही मेजामेजापाशी जाऊन पाहुण्यांची विचारपूस करीत. २०१९ साली, ९७ व्या वर्षी, ते निवर्तले; २०२३ साली भोजनगृहास शंभर वर्षे पूर्ण झाली. पाटीवरील नाव अद्याप साम्राज्याचेच आहे. ताटातील अन्न मात्र, जे कुटुंब पूर्वी परक्यांसाठी दुसऱ्याच चवीचे रांधीत होते, त्याच्या स्वतःच्या घरचे आहे.