वैलावरचे भांडे

आमच्या जुन्या घरातील चुलीला एक वैल होता. चुलीवर भाकऱ्या होत आणि वैलावर, उरलेल्या धगीवर, आमटीचे पातेले हळूहळू रटरटत असे. आजच्या मुलांना वैल ठाऊक नाही. शाळेत मला तो फळ्यावर काढून दाखवावा लागतो. गेल्या दिवाळीत माझी धाकटी बहीण अमेरिकेतील टेक्ससहून आली आणि म्हणाली, "ताई, तिकडे विजेचा वैल मिळतो." तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३०ची, म्हणून तिने नुसती कृती आणली आणि भांडे आम्ही येथेच घेतले. पदार्थ होता चिली. इतिहास शिकवणारीला पदार्थ नुसता खाऊन भागत नाही. मी त्याच्या मुळाशी गेले.

वाचकहो, मिरचीचे माहेर मेक्सिकोकडचे. सोळाव्या शतकात ती पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आली आणि अशी रुळली की, ती परकी आहे असे सांगताच माझा वर्ग हसतो. तिच्याच नावाने हा पदार्थ झाला. मांसाचे तुकडे, सुक्या लाल मिरच्यांचे वाटण, जिरे, लसूण, आणि पुष्कळ वेळ.

टेक्ससमधील सॅन अँटोनिओ शहरात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, मिलिटरी प्लाझा नावाच्या चौकात संध्याकाळी मेक्सिकन बायका घरी शिजवलेल्या चिलीची पातेली घेऊन येत. विस्तव पेटे, कंदील लागत, आणि बाकांवर शिपाई, गुराखी, प्रवासी शेजारी शेजारी जेवत. लोक त्यांना 'चिली क्वीन्स', चिलीच्या राण्या, म्हणत. राण्या कसल्या! रात्री धुरात बसणाऱ्या कष्टकरी बायका त्या. १८९३च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात सॅन अँटोनिओच्या चिलीचे दुकान लागले. त्याच दशकात विल्यम गेबहार्ट या जर्मन गृहस्थाने टेक्ससमध्ये चिलीचा तयार मसाला विकायला काढला; पुढे शिजवलेली चिलीही डब्यांत मिळू लागली. राण्यांच्या वाट्याला मात्र १९३०च्या दशकात आरोग्यखात्याचे नियम आले आणि चौक रिकामे झाले. १९७७ साली टेक्ससने चिलीला राज्याचा अधिकृत पदार्थ ठरवले! गेबहार्टचे नाव बाटलीवर राहिले. ज्यांनी ती रात्रोरात्र ढवळली, त्यांपैकी बहुतेकींची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

भांड्याची कथा निराळी, पण तिच्याही मुळाशी एक आईच आहे. अर्व्हिंग नॅक्सन हा शिकागोचा यहुदी संशोधक. त्याची आई लिथुएनियातील व्हिल्ना गावची. यहुदी धर्माप्रमाणे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत विस्तव पेटवायचा नाही. म्हणून तिच्या लहानपणी शुक्रवारी दुपारी मांस व घेवड्याच्या बियांचे भांडे भटारखान्यात नेऊन देत. भट्टी रात्रभर निवत जाई आणि त्या उतरत्या उबेत जेवण शिजून निघे. आईची ही आठवण मुलाने चिनी मातीच्या भांड्याभोवती विजेची तार गुंडाळून यंत्रात उतरवली. १९४० साली त्याला पेटंट मिळाले. १९७० मध्ये रायव्हल कंपनीने त्याचा धंदा विकत घेतला आणि पुढच्याच वर्षी ते भांडे 'क्रॉक-पॉट' या नावाने बाजारात आणले. तेव्हा अमेरिकेतील बायका मोठ्या संख्येने नोकरीला जाऊ लागल्या होत्या. भांडे हातोहात खपले, यात नवल नाही.

आता आमचे स्वयंपाकघर. तिकडे गोमांस घालतात, आम्ही बोकडाचे घेतले. या भांड्यात मांस खरपूस होत नाही, म्हणून ते आधी तव्यावर परतायचे. वाफ बाहेर जात नाही, म्हणून पाणी बेताचे. मग मंद आचेवर आठ तास. अस्सल टेक्ससवाले राजमा घालू देत नाहीत, इतरत्र घालतात. घालायचा तर एक गोष्ट जपा. रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, ताज्या पाण्यात निदान दहा मिनिटे खळखळून उकळल्याशिवाय राजमा या भांड्यात टाकू नका. त्यात एक विष असते. ते खऱ्या उकळीनेच मरते, नुसत्या उबेने नाही. बहिणीने पहिल्या खेपेस नुसता भिजवलेला राजमा टाकला आणि रात्री तिचे सगळे घर ओकाऱ्यांनी हैराण झाले. त्या दिवसापासून ती कृतीत हे वाक्य सर्वांत वर लिहिते.

सोमवारी सकाळी सातला मी भांडे लावले, आईला सांगितले, "आता याच्याकडे बघायचेसुद्धा नाही," आणि शाळेत गेले. या भांड्याचे झाकण एकदा उघडले की गेलेली ऊब परत यायला वीस मिनिटे तरी लागतात.

पाचला परतले तो मांस अजून चिवटच. आई ओट्याजवळ पाट टाकून बसलेली, हातात डाव.

"अगं, उठायचं होतंस ना!"

"चूल चालू असताना बाईमाणसाने उठून जायचं कुठे?" आई म्हणाली, आणि झाकण उचलून पुन्हा एकदा ढवळले.