मोर्तेलाचा बुरूज आणि त्याचे पहारेकरी

भूमध्य समुद्रातील कॉर्सिका हे बेट आपल्याकडे नेपोलियनची जन्मभूमी म्हणून ठाऊक आहे. या बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर साँ फ्लोराँ नावाचे लहानसे बंदर आहे. तेथून पायी निघून किनाऱ्याकिनाऱ्याने काही तास चालत गेले, म्हणजे मोर्तेलाच्या टोकाशी एक पडका बुरूज दृष्टीस पडतो. वाट खडकाळ आहे. एका बाजूस विलायती मेंदीची व रोजमेरीची सुवासिक झुडपे, तर उजव्या हातास आखाताचे निळे पाणी व त्यापलीकडे उत्तरेकडे गेलेली डोंगरांची रांग. विलायती मेंदीला इटालियन भाषेत मोर्तेला म्हणतात. बुरुजाची एक बाजू उभी आहे, दुसरी सुरुंगाने उडालेली आहे. देखावा असा, की पाहणारा तेथे तासभर बसून राहावा.

परंतु हा बुरूज देखाव्यासाठी बांधलेला नव्हता. समुद्रावरील दृष्टी अडणार नाही अशी जागा शोधूनच तो उभारला गेला. आज ज्या दृश्यासाठी प्रवासी येतो, त्याच दृश्यावर त्या काळी काही माणसांना रात्रंदिवस डोळा ठेवावा लागे. त्या माणसांविषयी दोन शब्द सांगावयाचे आहेत.

सोळाव्या शतकात कॉर्सिका जिनोवाच्या सत्तेखाली होते. १४५३ ते १५६२ या काळात तर बेटाचा कारभार सेंट जॉर्ज नावाची एक पेढीच पाहत असे! उत्तर आफ्रिकेच्या बंदरांतून चाचे येत, किनाऱ्यावरील गावे लुटीत आणि माणसे पकडून गुलाम म्हणून विकीत. उलट, १५४० मध्ये तुर्गुत रईस हा नामांकित दर्यावर्दी या बेटावरील गिरोलाता येथे जिनोवाकरांच्या हाती सापडला, तेव्हा त्यांनी त्यालाही आपल्या जहाजाच्या वल्ह्यावर बसविले. माणसे वल्ह्याला जुंपण्याचा धंदा समुद्राच्या दोन्ही काठांवर चालू होता, आणि दोन्हीकडे त्याची किंमत मुख्यतः गरिबांनीच मोजली.

१५३० नंतर जिनोवाने किनाऱ्यावर बुरुजांची माळ उभारण्यास आरंभ केला. त्यांपैकी साठांवर बुरूज आजही उभे आहेत. मोर्तेलाचा बुरूज १५६३-६४ च्या सुमाराचा. यांपैकी बहुतेकांची रचना एकसारखी : गोल आकार, जाड भिंती, पोटात पावसाच्या पाण्याचे टाके, वर गच्ची, आणि दार जमिनीपासून पुष्कळ उंचावर. त्या दारापर्यंत शिडीने चढावयाचे व शिडी वर ओढून घ्यावयाची.

प्रत्येक बुरुजावर दोन ते सहा पहारेकरी असत. त्यांस तोरेजानी म्हणत. ते आसपासच्याच गावांतले, आणि त्यांचे वेतन स्थानिक करांतून दिले जाई. त्यांनी बुरुजातच राहावे, शिधा व पगार आणण्यासाठी एका वेळी एकानेच आणि फार तर दोन दिवस बाहेर जावे, असा नियम होता. रोज सकाळ-संध्याकाळ गच्चीवरून समुद्र न्याहाळून मेंढपाळांना, शेतकऱ्यांना व खलाशांना वाट निर्धोक आहे की नाही हे कळवावयाचे. शत्रूची शिडे दिसली, की धूर करावयाचा, जाळ पेटवावयाचा अथवा शंख फुंकावयाचा. शेजारचा बुरूज तो इशारा उचले, त्यापुढचा त्याच्याकडून, आणि काही तासांत सारे बेट सावध होई. आपल्या गडांच्या मेटांवर जागणाऱ्या मेटकऱ्यांचे स्मरण येथे झाल्यावाचून राहत नाही.

आता या व्यवस्थेचे मर्म पाहा. साखळीची ताकद तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकीच असते. भिंत एकदा बांधली, की शेकडो वर्षे उभी राहते. पहारा मात्र रोज नव्याने करावा लागतो. आणि याच ठिकाणी हात आखडला गेला. पहारेकऱ्यांस वेतन तुटपुंजे, शस्त्रे अपुरी. चाच्यांशी झुंजताना त्यांतले अनेक मारले गेले. काहींनी कामात कुचराई केली, ही तक्रारही कागदोपत्री आहे. परंतु अर्ध्या पोटी अखंड जागरणाची अपेक्षा ठेवणाऱ्या धन्याचे माप आपण कोणत्या वहीत लिहावयाचे? कामगार संघटनेत वर्षे काढलेल्या माणसाला हा प्रश्न सुचल्यावाचून राहत नाही.

फेब्रुवारी १७९४ मध्ये या बुरुजाचे नाव युरोपभर झाले. तेव्हा तो फ्रेंचांकडे होता. ७४ तोफांची फॉर्टिट्यूड व तिच्याबरोबर जूनो या इंग्रज युद्धनौकांनी त्यावर मारा केला. बुरुजात दोन-तीन तोफा व मूठभर शिबंदी. तरी फॉर्टिट्यूडवरचे ६ जण ठार व ५६ जखमी झाले आणि नौकांना माघार घ्यावी लागली. पुढे जमिनीवरून तोफा डागल्या, आत आग लागली, तेव्हा कोठे तो पडला. १७९६ मध्ये बेट सोडताना इंग्रजांनीच तो सुरुंगाने उडविला.

धडा मात्र ते घेऊन गेले. नेपोलियनच्या स्वारीच्या भीतीने त्यांनी १८०५ ते १८१२ या काळात इंग्लंडच्या दक्षिण व पूर्व किनाऱ्यांवर असे १०३ बुरूज बांधले. मोर्तेलाचे ‘मार्टेलो’ झाले. कॉर्सिकाच्या पुत्राला अडविण्यासाठी कॉर्सिकाचाच नमुना! नेपोलियन आला नाही. त्या बुरुजांना त्याच्याशी लढण्याचा प्रसंगच पडला नाही.

इंग्रजांना त्या बुरुजाची भिंत दिसली, कारण तिच्यावर त्यांचे गोळे आदळले होते. परंतु त्याआधी दोनशे वर्षे किनाऱ्यावरची गावे जी वाचली, ती शंख वेळेवर वाजला म्हणून. धरणाच्या दारांवर, रेल्वेच्या फाटकावर, इस्पितळाच्या रात्रपाळीत आजही आपण अशाच जागत्या माणसाच्या भरवशावर निजतो. त्याचे वेतन आणि त्याची विश्रांती हा त्याच्या एकट्याचा प्रश्न नाही. ज्यांना निर्धास्त झोप हवी आहे, त्या सर्वांचा तो प्रश्न आहे.