मामा तलाव आणि गावाचा नकाशा

१/
भंडारा जिल्ह्यात ‘मामा तलाव’ हा शब्द सर्वांच्या तोंडी असतो. हा मामा म्हणजे आईचा भाऊ नव्हे. ‘माजी मालगुजारी’ या दोन शब्दांची ती आद्याक्षरे. मोहाडी तालुक्यातील करडीसारख्या गावाचे अर्थकारण नकाशावर शिकवायचे, तर आरंभ याच शब्दापासून करावा.

२/
पूर्व विदर्भात असे सहा हजारांवर तलाव आहेत. उतारावर मातीची पाळ घालून पावसाचे पाणी अडवायचे आणि खालच्या बांध्यांतील धानाला द्यायचे, ही त्यांची रीत. तलाव बांधणाऱ्यांत कोहळी समाजाचे नाव अग्रभागी येते.

३/
१८५४ मध्ये नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. १८६१ मध्ये मध्य प्रांत अस्तित्वात आला. पुढच्या जमाबंदीत मालगुजारांना गावाची मालकी मिळाली आणि तलावही त्यांचे झाले. रयतेचे पाणी, चराई व सरपण यांवरील हक्क ‘निस्तार’ या नावाने ओळखले गेले.

४/
१९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि १९५१ मध्ये तलाव शासनाकडे आले. जुनी विषम मालकी गेली, हे इष्टच. परंतु पाळ दुरुस्त करण्याची आणि गाळ काढण्याची गावपातळीवरची घडीही मोडली. अनेक तलाव उथळ झाले; काहींवर अतिक्रमण झाले.

५/
हा बदल आज वर्गात मोजता येतो. क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर मोफत आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाचा जुना नकाशा त्यात अक्षांश-रेखांशांवर बसवावा. त्यावर ओपनस्ट्रीटमॅपवरील रस्ते आणि इस्रोच्या ‘भुवन’वरील उपग्रहचित्र ठेवावे.

६/
चौथा थर आकड्यांचा. २०११ च्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत प्रत्येक गावाचे सिंचित क्षेत्र कालवा, विहीर, तलाव अशा साधनांनुसार दिलेले आहे. तलावाखालचे गाव कोणते आणि विहिरीवरचे कोणते, हे रंग भरताच उमगते.

७/
येथे दोन सापळे आहेत. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. १९९१ आणि २००१ चे ‘भंडारा’ थेट शेजारी मांडले, तर अर्धा जिल्हा ओस पडल्याचा भास होईल. सीमा आधी जुळवाव्यात, मग तुलना करावी.

८/
दुसरा सापळा ऋतूचा. मे महिन्याच्या चित्रात कोरडा तलाव पडीक जमिनीसारखा दिसतो. ऑक्टोबरमध्ये तोच भरलेला असतो. म्हणून चित्राची तारीख पाहिल्याखेरीज ‘तलाव नाहीसा झाला’ असा निष्कर्ष काढू नये.

९/
आणि उपग्रहाला पाणी दिसते, पाण्यावरचा हक्क दिसत नाही. तो वाजिब-उल-अर्ज आणि निस्तारपत्रक या महसुली कागदांत असतो. हा पाचवा थर विद्यार्थ्यांनी दप्तरात बसून, कागद वाचून भरायचा असतो.

१०/
जुन्या नकाशावर निळा असलेला तुकडा नव्या चित्रात शेत दिसला, की खरा इतिहास सुरू होतो: पाळ कधी फुटली, जमीन कोणी कसली, खालच्या धानाचे पाणी कुठून आले? याची उत्तरे गावातील वृद्धांकडे आहेत, आणि ती विचारण्यासाठी फार वर्षे हातात नाहीत.