निळ्या पाकळ्यांचं क्षेत्रफळ

साल १८५८. लंडनच्या बर्लिंग्टन हॉटेलचा जिना चढताना बूट जपून टेकवा, वर बाई आजारी आहेत. क्रिमियाच्या युद्धात शिपायांची शुश्रूषा करताना जडलेलं दुखणं फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांना सोडत नाही आणि त्या काम सोडत नाहीत. कोचावर, उशाशी, जमिनीवर नुसते कागद. तुम्हाला नवा कारकून समजून कुणीतरी तुमच्या हातात कर्कटक देतं आणि एक आकडेपत्रक पुढ्यात सरकवतं.

महिना जानेवारी १८५५. पूर्वेकडच्या ब्रिटिश फौजेत सरासरी ३२,३९३ माणसं. जखमांनी मेले ८३. इतर कारणांनी ३२४. आणि हगवण, कॉलरा, टायफससारख्या टाळता येण्याजोग्या रोगांनी २,७६१. याच वेगाने वर्षभर माणसं मेली असती, तर दर हजारी १,०२२ हून जास्त, म्हणजे एकटे हे रोगच सगळी फौज संपवून वर उरले असते.

वर्तुळाचे बारा महिन्यांसाठी बारा भाग पाडायचे आहेत, प्रत्येकी तीस अंशांचे. जखमा लाल, रोग निळे, बाकीचं काळं. तुम्ही सरळ हिशेब धरता: जखमांना पाव इंच, तर रोगांना तेहतीसपट, म्हणजे सव्वाआठ इंच. पाकळी कागदाबाहेर जाते. कागद मोठा घ्याल हो, पण खरी गोम पुढे आहे. लांबी तेहतीसपट वाढली की क्षेत्रफळ हजारपटीच्याही वर जातं, आणि बघणाऱ्याचा डोळा मोजतो ते क्षेत्रफळच. खुद्द बाईंच्या आधीच्या आकृतीत, वटवाघळाच्या पंखासारख्या दिसणाऱ्या त्या काळ्या पसाऱ्यात, हीच गफलत झाली होती. मग शुद्धिपत्राची चिठ्ठी जोडावी लागली. म्हणून आता वर्गमूळ. तेहतीसचं वर्गमूळ पावणेसहाच्या आसपास. लाल पाव इंच, तर निळी दीड इंचाला थोडी कमी. खोडा आणि पुन्हा काढा.

आकडे तपासून देतात ते जन्ममृत्यूंची नोंद ठेवणाऱ्या जनरल रजिस्टर ऑफिसचे विल्यम फार. त्यांचं मन तक्त्यात रमतं. आकडा कोरडा असावा, रंगरंगोटी नको, या मताचे. त्यांच्यासारख्या वाचकाला तक्ता द्यावा, तो त्यातून सगळं काढतो. पण राणी व्हिक्टोरिया तक्ता वाचणार नाही, आणि मंत्री वाचल्यासारखं करतील. त्यांच्यासाठी ही निळी पाकळी.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला वेगळीच आकृती पडली आहे, नुसत्या आडव्या पट्ट्यांची. इथे युद्ध नाही, इंग्लंडमधल्या बराकी आहेत. वीस ते पंचवीस वयाचे साधे इंग्रज हजारी ८.४ मरतात, त्याच वयाचे शिपाई १७. पुढच्या वयोगटात ९.२ आणि १८.३. पट्टीखाली पट्टी, एक आखूड, एक दुप्पट लांब. निवडून घेतलेले धट्टेकट्टे जवान घरच्या घरी दुपटीने मरतात, हे कळायला ना वर्गमूळ लागतं ना रंग. माझं विचाराल तर दोन्हींत हीच सरस. पाकळ्यांचं क्षेत्रफळ डोळ्याला अचूक जोखता येत नाही; पट्टी कुणालाही कळते. पण पट्ट्यांची घडी घालून दरबारात कुणी मिरवत नाही, हेही खरं.

पाकळ्यांची खरी करामत मात्र बाईंनी वर्ष कुठे तोडलं त्यात आहे. जानेवारी ते डिसेंबर नाही. एप्रिल ते मार्च. मार्च १८५५ मध्ये सॅनिटरी कमिशन स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात पोहोचलं, गटारं उपसली, हवा खेळती केली. त्याआधीचं वर्ष एका चक्रात, नंतरचं दुसऱ्यात, मध्ये तुटक रेघ. पहिलं चक्र निळ्याने फुगलेलं, दुसरं आक्रसत गेलेलं. आकड्यांत कुठेही ढवळाढवळ न करता, फक्त कापायची जागा निवडून, बाईंनी सगळा युक्तिवाद उभा केला. (पहिलं वर्ष उजवीकडे आणि दुसरं डावीकडे का छापलं, हे कोडं आहे. आपला डोळा उलटा जातो.)

पुढच्या वर्षी लेखिका हॅरिएट मार्टिनो यांच्या सामान्य वाचकांसाठीच्या पुस्तकात याच आकृत्या येतील. ते बराकींतल्या वाचनालयांत ठेवायला युद्धखातं नकार देईल. ज्यांच्या मरणाचा हिशेब, त्यांनाच तो दिसू द्यायचा नाही. त्याच १८५९ साली हिंदुस्थानातल्या फौजेच्या आरोग्यासाठी नवं कमिशन बसेल आणि बाई आपल्याकडच्या छावण्यांच्या पाण्याचे नि मोऱ्यांचे कागद मागवू लागतील.

तोवर हातातला छापील ताव बघा. कोपऱ्यात बारीक अक्षरांत खुलासा आहे: प्रत्येक रंगाचं क्षेत्रफळ मध्यबिंदूपासून मोजावं. याशिवाय आकृती उलगडत नाही, म्हणून तो तिथेच हवा होता. त्याच खुलाशात ऑक्टोबर महिन्यापुढे साल पडलंय १८४४. हवं होतं १८५४. छापखान्यात सांगायला तुम्हाला उशीर झालाय.